न पाहिलेल्या कोर्टातला दावा

श्री. रघुनाथराव चौबळ यांची आणि माझी पहिली भेट आमच्या शाळेतील शिक्षकांच्या खोलीत झाली. मधल्या सुट्टीत काळा कोट हातावर टाकलेले एक उंच गृहस्थ दारात उभे राहिले आणि इंग्रजी कोण शिकवतात, असे त्यांनी विचारले. मी उठलो. मला भिवंडीत येऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि वकील आपल्याला शोधत आला म्हणजे आपल्या हातून काहीतरी चुकले असणार, एवढेच माझ्या मनात आले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "मास्तर, यातल्या चुका काढा," ते म्हणाले. "तीस वर्षं इंग्रजीत अर्ज लिहितोय, पण ते कोर्टाचं इंग्रजी. माणसानं माणसाला लिहायचं इंग्रजी मला येत नाही."

ते पत्र इंग्लंडच्या उत्तरेकडील एका बंदरातील वकिलाला लिहिलेले होते. मी दोन-तीन शब्द बदलले आणि एक लांबलचक वाक्य तोडून त्याची तीन केली. त्यांनी ते तिथेच उभ्या उभ्या वाचले आणि येत्या शुक्रवारी सकाळी घरी येण्यास सांगितले. शुक्रवार अशासाठी की त्या दिवशी गावातले माग बंद असतात. त्यांच्या घरातल्या कचेरीच्या भिंतीला लागूनच एक कारखाना आहे आणि इतर दिवशी तिथे बसून स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. त्या शुक्रवारी मी गेलो तो आजतागायत जातोच आहे.

रघुनाथरावांच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वकिलीविषयी त्यांचे सहकारी अधिकाराने लिहितील. मला कायद्यातले कळत नाही. शिवाय मी त्यांचे एकच काम जवळून पाहिले. पण ते पाहून मी जो थक्क झालो, तो अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. म्हणून त्याच एका दाव्याविषयी लिहितो.

अंजूरच्या पारूबाई पाटील यांचे यजमान काशिनाथ हे खाडीतल्या रेतीच्या होड्यांवर काम करता करता मोठे झाले आणि पुढे मुंबईहून परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून जाऊ लागले. चौथ्या सफरीवर गेले ते परतलेच नाहीत. कंपनीकडून एका ओळीचे पत्र आले की तुमचे यजमान बंदरात जहाज सोडून पळून गेले आहेत. त्यामागोमाग त्यांची पत्र्याची पेटी आली आणि विषय संपला. निदान कंपनीच्या दृष्टीने संपला. अंजूरला तो तिथून सुरू झाला. काशिनाथने तिकडे गोरी बायको केली, असे कोणी म्हणाले आणि मग सगळेच म्हणू लागले. दोन्ही मुलींना शाळेत "पळपुट्याच्या पोरी" असे नाव पडले. पारूबाई अडीच वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होत्या. जिथे जात तिथे कोणीतरी तीच एक ओळ वाचून दाखवी.

शेवटी त्या रघुनाथरावांकडे आल्या. रघुनाथरावांनी पत्र वाचून बाजूला ठेवले आणि पेटीत काय काय आले ते विचारले. पारूबाईंनी पाठ असल्यासारखे सांगितले. दोन सदरे, दाढीचे सामान, मुलींचा फोटो, चामड्याचे बूट, लोकरीचा कोट.

"कोट एकच होता?"

"एकुच. मुंबईला घेतलेला."

"शेवटच्या पत्रात त्यांनी थंडीबद्दल काही लिहिलं होतं?"

बादलीतले पाणी दगडासारखे होते, असे त्या पत्रात होते.  रघुनाथराव म्हणाले, "बाई, पळून जाणारा माणूस अशा थंडीत स्वतःचा कोट मागे ठेवून जात नाही."

इतक्या दिवसांत हे वाक्य पारूबाईंना पहिल्यांदाच ऐकायला मिळाले. त्या तिथेच बसून रडल्या, असे रघुनाथरावांच्या पत्नी सुधावहिनी यांनी मला पुढे सांगितले.

कोट ही शंका झाली, पुरावा नव्हे. आणि दावा लावायचा तो कुठे? जहाज इंग्लंडचे, बंदर इंग्लंडचे, कंपनी इंग्लंडची. भिवंडीच्या दिवाणी कोर्टात शेताच्या बांधावरून आणि घराच्या भिंतीवरून भांडणाऱ्या माणसांची कामे चालवणारा वकील यात काय करणार, असे कोणीही म्हणाले असते. रघुनाथरावांच्या मित्रांनी तसे म्हटलेही. मुंबईच्या एका मोठ्या वकिलाने तर त्यांना सल्ला दिला की त्या बाईला खोटी आशा लावू नका. रघुनाथरावांनी तो सल्ला शांतपणे ऐकून घेतला आणि त्याच वकिलाकडे त्याच्या ग्रंथालयात बसण्याची परवानगी मागितली. कोर्टाला सुट्टी असेल त्या दिवशी ते तिथे जाऊन बसत आणि इंग्लंडच्या कायद्याची पुस्तके वाचत. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे त्यांनी वह्या भरल्या. त्या मी पाहिल्या आहेत. अक्षर अत्यंत वाईट आहे.

तिथे चौथ्या खेपेस त्यांना एक कलम सापडले. कामावर मृत्यू आलेल्या माणसाच्या वारसांनी तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, नंतर दार बंद. काशिनाथ नाहीसे झाल्याला दोन वर्षे नऊ महिने होऊन गेले होते. हातात अडीच महिने होते आणि हवाई डाकेने पत्र जाऊन उत्तर यायला तीन आठवडे लागत. माझ्याकडे शाळेत आणलेले ते पत्र या घाईतले होते. एका जुन्या निर्देशिकेतून नावे काढून त्यांनी त्या बंदरातल्या आठ वकिलांना एकाच वेळी पत्रे पाठवली. पाच जणांनी उत्तरच दिले नाही, दोघांनी नकार कळवला. आठव्याचे उत्तर आले. ते वृद्ध गृहस्थ होते आणि गरीब पक्षकाराला तिथले सरकार वकील देते, मग तो कुठल्याही देशाचा असो, असे त्यांनी लिहिले होते. सोबत छापील अर्ज होता. अर्जदाराच्या मालकीची मोटार आहे काय, घरात किती खोल्या गरम ठेवल्या जातात, असे त्यात प्रश्न होते. रघुनाथरावांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर गंभीरपणे लिहून घेतले. 'घरात एक चूल आहे,' असे मी त्यांच्या सांगण्यावरून इंग्रजीत लिहिले.

आता एकच अडचण उरली, पण ती सर्वांत मोठी होती. दाव्यासोबत पारूबाईंना शपथेवर सांगावे लागणार होते की आपले यजमान मरण पावले आहेत.

तोवर त्या कुंकू लावीत होत्या. त्यांचा नवरा पळून गेला असेल तर त्या सवाष्ण होत्या आणि मेला असेल तर विधवा. त्यांना हवा असलेला न्याय त्यांचे कुंकू पुसल्याखेरीज मिळणार नव्हता. दुसरा वकील असता तर वेळ कमी आहे म्हणून अंगठा घेऊन मोकळा झाला असता. रघुनाथरावांनी त्यांना समोर बसवून साध्या मराठीत सगळे समजावले आणि म्हणाले, "या कागदावर सही केलीत की तुम्ही स्वतःच्या तोंडानं त्यांना मेलेलं म्हणणार. मी घाई करणार नाही. घरी जा, सासूबाईंशी बोला. दोन दिवसांनी या."

मी तेव्हा तिथे होतो. पारूबाई गेल्यावर मी त्यांना म्हणालो की आपल्याकडे दोन दिवसही जास्तीचे नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, तिच्याकडे तर आयुष्यभराचा प्रश्न आहे."

दोन दिवसांनी पारूबाई आल्या, सोबत त्यांच्या सासूबाई होत्या. पारूबाईंचे कपाळ मोकळे होते.  रघुनाथराव खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि सही होईपर्यंत उभेच होते. पारूबाईंनी अक्षर अक्षर लावून सही केली. मग त्या म्हणाल्या, "कुकू गेला तं जाव दे, साहेब. पन तो पलाला न्हाय. त्ये तेवडा लिवून घ्या त्यांच्याकरशी."

मुदत संपायला नऊ दिवस असताना तिकडून तार आली की दावा दाखल झाला. तार घेऊन रघुनाथराव स्वतः शाळेत आले. मी वर्गात होतो. त्यांनी खिडकीतून नुसती तार हलवून दाखवली.

दाखल होणे म्हणजे सुरुवात. कोणी काही पाहिले होते का, हे शोधायला हवे होते. त्याच जहाजावर खाडीपलीकडच्या गावचे इब्राहिम नावाचे एक खलाशी होते. ते सफरीवरून परतल्याचे कळताच रघुनाथराव त्यांच्या घरी गेले. गावात दंगल होऊन गेल्याला फार वर्षे झाली नव्हती. एकमेकांच्या मोहल्ल्यात जाताना माणसे अजून विचार करीत. रघुनाथराव एकटे गेले. इब्राहिमभाईंनी चहा दिला, पण त्या दिवशीचे काही आठवत नाही असे सांगितले. रघुनाथरावांनी त्यांना आग्रह केला नाही. उलट निघताना ते म्हणाले, "तुम्ही बोललात तर कंपनी पुन्हा तुम्हाला जहाजावर घेणार नाही, हे मला माहीत आहे. मी ते लपवत नाही. तरी आठवलंच काही, तर माझं घर ठाऊक आहे."

आठवड्याभराने इब्राहिमभाई आपण होऊन आले आणि सांगू लागले. तिथे हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येते. त्या दिवशी माल चढवण्यासाठी जहाजाच्या मागच्या बाजूचा कठडा काढून ठेवलेला होता, दिवा बंद होता आणि डेकवर बर्फ होते. दोर सरकवायला काशिनाथला कामाच्या कपड्यांतच तिकडे पाठवले. तो परत आला नाही. इब्राहिमभाईंनी अधिकाऱ्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला की उतरून गेला असेल गावात. दुसऱ्या दिवशी जहाज निघाले. हे सगळे सांगून झाल्यावर इब्राहिमभाई म्हणाले, "वकीलसाब, तीन साल झाले, मी त्या कठड्याबद्दल कुणाला बोललो नाय. आज बोललो. लिहून घ्या." त्यांच्या बोलण्याची किंमत त्यांना मोजावी लागली. दोन वर्षे त्यांना जहाज मिळाले नाही. त्या काळात रघुनाथरावांनी त्यांना गावातल्या एका कापडाच्या गोदामात काम मिळवून दिले आणि पुढे दुसऱ्या कंपनीत जागा मिळेपर्यंत त्यांच्यासाठी अर्ज लिहीत राहिले.

यानंतरची हकीकत माझ्या डोळ्यांसमोर घडली. तिकडच्या वृद्ध वकिलांनी आपण होऊन नगरपालिकेची बेवारस मृतांची नोंदवही तपासली होती. काशिनाथ यांना कोणी शोधलेच नव्हते, कारण ते हरवले आहेत असे कंपनीने पोलिसांना कळवले नव्हते. पळाले एवढेच कळवले होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडी गोदीच्या पाण्यात एक मृतदेह सापडला होता आणि ओळख न पटल्याने एका क्रमांकाखाली पुरला होता. हातावर गोंदल्याची खूण होती. तपासणाऱ्या डॉक्टरने ती नोंदीत रेखाटून ठेवली होती आणि खाली लिहिले होते की रेषेवर उभ्या असलेल्या लहान होड्यांसारखी नक्षी. त्या रेखाटनाची प्रत वृद्ध वकिलांकडून आलेल्या पाकिटात होती.

शुक्रवारची सकाळ होती. रघुनाथराव भिंग घेऊन पाहत होते, त्यांच्या खांद्यावरून मी पाहत होतो. होड्या म्हटल्या तर होड्या दिसत होत्या. काशिनाथ यांच्या हातावर होड्या गोंदलेल्या होत्या काय, हे पारूबाईंना विचारायला हवे, असे आम्ही बोलत होतो. सुधावहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी टेबलाच्या पलीकडून, आमच्या समोरून, कप ठेवला. त्यांची नजर कागदावर गेली आणि त्यांनी सहज विचारले, "हे 'पारू' कुणी लिहिलंय?"

आम्ही दोघांनी मान वर केली. रघुनाथरावांनी कागद सावकाश फिरवला. वरची रेषा, तिच्याखाली दोन अक्षरे. मराठी न जाणणाऱ्या माणसाने हात उलटा धरून काढलेले, पण एकेक वळण इमानाने उतरवलेले. पारू.

रघुनाथरावांनी चष्मा काढून ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या एकदाच पाहिले. नंतर ते म्हणाले की त्या डॉक्टरचे आपण उपकार मानले पाहिजेत, त्याला वाचता आले नाही तरी त्याने नीट पाहिले. त्याच दिवशी त्यांनी त्या डॉक्टरला आभाराचे पत्र लिहिले. ते त्यांनी स्वतः लिहिले, माझ्याकडून त्यात एक शब्दही बदलून घेतला नाही, आणि मला त्यात चूकही दिसली नाही.

हा पुरावा तिकडे कळवल्यावर कंपनीचा सूर बदलला. कंपनीने तडजोड पुढे केली. भरपाई देऊ, पण चूक कबूल करणार नाही आणि पळून गेल्याची नोंद आहे तशी राहील. इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण गौरवग्रंथात माणसाच्या फक्त विजयाच्या गोष्टी येतात. रघुनाथरावांनी पारूबाईंना ही तडजोड स्वीकारण्याचा सल्ला दिला. दावा हरला तर काहीच हाती येणार नव्हते. दोन मुली होत्या, म्हाताऱ्या सासूबाई होत्या. वकील म्हणून हेच सांगणे आपले कर्तव्य आहे, असे त्यांनी मानले. पारूबाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "आनि त्या वयीत तो पलालेलाच ऱ्हानार?" रघुनाथराव हो म्हणाले. त्यावर पारूबाई म्हणाल्या, "मंग न्हाय. पैशे घेतले तं लोक बोलतील, पलालेल्या नवऱ्याचे पैशे खाते."

त्या गेल्यावर रघुनाथराव बराच वेळ येरझाऱ्या घालीत होते. "सल्ला माझाच बरोबर होता," ते म्हणाले. "आणि निर्णय तिचा बरोबर आहे." तडजोड नाकारल्याचे पत्र त्यांनी तासाभरात डाकेत टाकले आणि त्यानंतर आपल्या सल्ल्याचा शब्दही काढला नाही. आपल्या मताविरुद्ध झालेला पक्षकाराचा निर्णय आपलाच असल्यासारखा लढवायचा, ही त्यांची रीत.

पारूबाईंची आणि इब्राहिमभाईंची साक्ष तिकडच्या कोर्टाच्या विनंतीवरून ठाण्याला नोंदवली गेली. दुभाष्या मी होतो. कंपनीचे वकील मुंबईहून आले होते, फार हुशार आणि फार सभ्य. पहिलाच प्रश्न होता, तुमच्या यजमानांचे नाव काय. पारूबाई गप्प राहिल्या. आमच्याकडे नवऱ्याचे नाव घेत नाहीत हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण कागदावर ते साक्षीदाराच्या तोंडून यायला हवे होते. त्यांनी रघुनाथरावांकडे पाहिले. रघुनाथरावांना सुचवता येत नव्हते, त्यांनी नजर खाली घातली.  मग पारूबाई सरळ बसल्या. "काशिनाथ बालू पाटील," त्या म्हणाल्या. "आज पयल्यांदी घेतला त्याचा नाव."

मी दोन्ही वाक्यांचे भाषांतर केले. दुसऱ्या वाक्याची गरज होती की नाही, कोण जाणे. पण ते लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी ते लिहून घेतले.

त्याच साक्षीत माझ्या हातून एक चूक झाली. पारूबाई एकदा म्हणाल्या की तो थंडीत काम करत होता. मी भाषांतर करताना काशिनाथ यांच्या नावामागे 'बिचारे' या अर्थाचा एक शब्द घातला. मला वाटले, तिकडच्या न्यायाधीशाला थोडे कळावे. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेण्याआधी रघुनाथरावच उठले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही एक शब्द जास्त घातलात. तो काढायला सांगा." मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. परतताना ते एस.टी.त माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले की पारूबाईंनी तीन वर्षांत एकही शब्द वाढवून सांगितलेला नाही, आपणही वाढवायचा नाही. दुसऱ्या दिवशी सुधावहिनींनी माझ्याकडे ओल्या नारळाच्या करंज्या पाठवल्या. त्या कोणाच्या सांगण्यावरून आल्या, ते मी विचारले नाही.

निकाल यायला आणखी दीड वर्ष गेले. टपाल आले तेव्हा त्यातले पहिले पान रघुनाथरावांनी वाचले आणि माझ्याकडे दिले. तिकडच्या न्यायाधीशांनी म्हटले होते की काशिनाथ पाटील यांनी जहाज सोडले नाही; ते नेमून दिलेले काम करीत असताना कंपनीच्या निष्काळजीपणामुळे मरण पावले. नुकसानभरपाईचा हुकूम पुढे होता. पहिले वाक्य मी चार वेळा वाचले. ज्या देशात रघुनाथरावांनी पाऊल ठेवले नाही, ज्या न्यायाधीशांचे तोंड त्यांनी पाहिले नाही, त्यांच्याकडून भिवंडीच्या एका खोलीत बसून, टाइपरायटरशी भांडत, डाकेच्या तिकिटांवर त्यांनी हे वाक्य मिळवले होते.  ते म्हणाले, "चला, अंजूरला जाऊ. पत्र पाठवायचं नाही. वाचून दाखवायचं."

आम्ही दोघे आणि सुधावहिनी गेलो. अंगणात माणसे जमली. रघुनाथरावांनी मला वाक्य मराठीत वाचायला सांगितले. मी वाचले. पारूबाईंच्या सासूबाईंना ऐकू कमी येत होते. त्यांनी पुन्हा वाचायला लावले, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी मागून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि पारूबाईंपुढे हात जोडून म्हणाले की मीही बोललो होतो, पोरी.  पारूबाईंनी त्यांना बसायला पाट दिला.

काशिनाथ यांच्या खलाशाच्या पुस्तकातली पळून गेल्याची नोंद मुंबईच्या खलाशांच्या कचेरीत खोडून घेण्यासाठी रघुनाथराव आणखी सात वेळा गेले. निकालाने ते काम आपोआप होणार नव्हते. सातव्या वेळी खोडलेली नोंद त्यांनी पारूबाईंना हातात धरून दाखवली. नंतर त्या बंदरातल्या नगरपालिकेशी पत्रव्यवहार करून त्यांनी क्रमांकाच्या जागी नावाचा दगड बसवून घेतला.

रघुनाथरावांबद्दल आणखी कितीतरी सांगता येईल. मला विषमज्वर झाला, तेव्हा दहावीची परीक्षा तोंडावर होती. सकाळी कोर्टात जाण्यापूर्वी तीन आठवडे त्यांनी माझा वर्ग घेतला. मुलांना त्यांनी व्याकरण किती शिकवले कोणास ठाऊक, पण त्या वर्षी प्रत्येक मुलाने पत्रलेखनाच्या प्रश्नात शेवटी 'सोबत: कागद एक' असे लिहिले होते. अंबाडीकडून पहिल्या एस.टी.ने येणाऱ्या पक्षकारांना सुधावहिनींच्या स्वयंपाकघरातून भाकरी मिळाल्याशिवाय कज्जा सुरू होत नाही. मागावरच्या कामगारांशी ते ज्या हिंदीत बोलतात ती ऐकून कामगार हसतात आणि मग मोकळेपणी बोलू लागतात. त्यांना राग लवकर येतो. कोणी 'विलायती वकील' म्हटले की हमखास येतो. त्या दाव्यानंतर खाडीकाठच्या गावांतून परदेशी शिक्क्यांची पाकिटे घेऊन माणसे येऊ लागली. काही कामे त्यांनी चालवली, त्यातली काही हरली. हरलेल्या पक्षकाराला ते स्वतः घरी जाऊन सांगतात.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी अंजूरला जाऊन आलो. गौरवग्रंथ म्हणजे काय, हे मी पारूबाईंना सांगितले. मोठ्या माणसाला साठ वर्षे पूर्ण झाली की त्यांच्याविषयी लिहितात आणि शेवटी त्यांना दीर्घायुष्य चिंतितात. तर तुमच्या वतीने काय लिहू, असे विचारले. त्यांची धाकटी मुलगी भात पाखडत होती. 

"मास्तर, माजा मानूस चौतीस वर्सांचा व्हता," त्या म्हणाल्या. "त्याचा ऱ्हायलेला आयुश्य वकीलसायबांना लागू दे. तेवडा लिवा."

मी लिहिले आहे. त्यात माझे काही वाढवीत नाही.